मुदत टळल्यावरचे अपील आणि उशिरा सुचलेला मुद्दा

वाचकांचे प्रश्न : कायदा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण तिन्हींच्या मुळाशी एकच अडचण आहे. जे वेळेवर करायचे किंवा सांगायचे राहून गेले, ते आता न्यायालय ऐकेल का, असे तिघांनाही विचारायचे आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : डिचोली तालुक्यात आमचे कुळागर आहे. त्याच्या कडेने जाणारी वाट आम्ही चिऱ्यांचा गडगा घालून अडवली, असा दावा शेजाऱ्यांनी माझ्या पतीवर आणि माझ्यावर केला होता. 18 नोव्हेंबर 2024 रोजी दिवाणी न्यायालयाने गडगा काढण्याचा हुकूम दिला. पती 5 ऑक्टोबरपासून बोटीवर होते आणि 12 जून 2025 रोजी घरी आले. 27 जूनला बेलिफ दरखास्तीची, म्हणजे हुकूम अमलात आणण्यासाठी केलेल्या अर्जाची, नोटीस घेऊन आला, तेव्हाच आम्हांला निकालाचे कळले. 30 जूनला नकलेसाठी अर्ज केला, 11 जुलैला नक्कल मिळाली आणि 21 जुलैला जिल्हा न्यायालयात अपील दाखल केले. विलंब माफीच्या अर्जात वकिलांनी ‘पती परदेशी असल्यामुळे विलंब झाला’ एवढेच लिहिले आहे. शेजाऱ्यांनी त्याला विरोध केला आहे. सरकारला वर्षावर्षाचा उशीर माफ होतो, मग आमचे सात महिने का माफ होऊ नयेत?
— एक वाचक भगिनी, डिचोली

उत्तर : आधी दिवस मोजू, कारण न्यायाधीशही तेच आधी करतील. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील करण्याची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून 30 दिवस असते. निकालाचा दिवस सोडला, तर आपली मुदत 18 डिसेंबर 2024 रोजी संपली. नक्कल मिळवण्यासाठी लागलेले दिवस मुदतीच्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे वजा होतात, पण त्यासाठी नकलेचा अर्ज मुदत चालू असताना केलेला असावा लागतो. आपला अर्ज मुदत संपल्यानंतरचा असल्याने ते दिवस आपोआप वजा होणार नाहीत. ते विलंबाच्या खुलाशातच धरावे लागतील. म्हणजे 19 डिसेंबर 2024 ते 21 जुलै 2025 असा एकूण 215 दिवसांचा विलंब आहे. त्यांतले 176 दिवस पती बोटीवर होते, 15 दिवस ते घरी होते पण निकाल माहीत नव्हता, आणि 24 दिवस निकाल कळल्यापासून अपील दाखल होईपर्यंतचे आहेत. या तीन तुकड्यांचे कारण एक नाही, आणि आपल्या अर्जात मात्र तिन्हींना मिळून एकच ओळ आहे.

शेवटच्या 24 दिवसांची मला फारशी काळजी वाटत नाही. शुक्रवारी नोटीस आली, सोमवारी नकलेचा अर्ज झाला, नक्कल हाती आल्यावर दहा दिवसांत अपील दाखल झाले. नकलेच्या मागच्या बाजूला अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची तारीख नोंदलेली असते, ती नोंदच आपली साक्ष देईल.

खरी अडचण पहिल्या 176 दिवसांची आहे. पतीच्या सीडीसीमध्ये, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या पुस्तिकेत, बोटीवर चढल्या-उतरल्याच्या तारखांचे शिक्के असतात आणि त्यांवरून ते देशाबाहेर होते हे निर्विवाद सिद्ध होईल. पण दाव्यात आपण स्वतःही प्रतिवादी आहात. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि म्हणूनच येथे स्थावराच्या दाव्यात पत्नीचे नाव पतीच्या नावाखाली लिहिले जाते. त्या नावाकडे घरात कोणी फारसे लक्ष देत नाही, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे. शेजाऱ्यांचे वकील मात्र पहिल्याच वाक्यात विचारतील की प्रतिवादी क्रमांक एक समुद्रावर होते हे खरे, पण प्रतिवादी क्रमांक दोन डिचोलीतच होत्या, त्यांनी काय केले? आपल्या अर्जात या प्रश्नाला उत्तर नाही, आणि सगळा अर्ज त्याच उत्तरावर अवलंबून आहे.

उत्तर जे असेल ते खरे आणि तपशीलवार असावे. वकिलांशी कोण बोलत असे, शेवटचे बोलणे कधी झाले, ‘निकालासाठी ठेवले आहे, कळवतो’ असे काही सांगितले होते का, तसा एखादा संदेश फोनमध्ये आहे का, अर्धांगवायू झालेले वडीलधारे माणूस किंवा लहान मूल यांच्यामुळे आपण अडकून पडला होता का, हे सर्व आपल्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात तारखांसह यायला हवे. विलंब माफीच्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र देण्याची अट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 3-अ मध्ये आहेच. पहिले त्रोटक असेल तर न्यायालयाच्या परवानगीने अतिरिक्त प्रतिज्ञापत्र दाखल करता येते. मात्र पहिल्या अर्जाशी विसंगत अशी नवी गोष्ट त्यात आणू नका. आजकाल दाव्याची स्थिती ई-कोर्ट्सच्या अॅपवर दिसते, तेव्हा ती का पाहिली नाही, हेही विचारले जाईल. अॅप माहीत नव्हते, हे खरे असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

वकिलांनी कळवले नाही, असे म्हणायचे असेल तर ते जपून म्हणावे. रफीक विरुद्ध मुन्शीलाल या 1981 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला होऊ नये असे म्हटले, आणि त्या निर्णयाचा आधार आजही घेतला जातो. पण पुढे 1993 मध्ये सलील दत्त प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की वकिलावर बोट दाखवले की काम झाले, असा सरसकट नियम नाही. स्वतः पक्षकार किती जागरूक होता हेही पाहिले जाईल. जे वकील आज स्वतःची बाजू मांडण्यासाठी न्यायालयात नाहीत, त्यांच्यावर आधाराशिवाय दोष टाकलेला न्यायाधीशांना आवडत नाही, आणि मला वाटते ते योग्यच आहे.

न्यायालय या अर्जाकडे कोणत्या नजरेने पाहते, त्याबद्दल दोन प्रवाह आहेत आणि आपल्याला दोन्ही माहीत असावेत. 1987 च्या कलेक्टर, अनंतनाग विरुद्ध कातिजी या निर्णयाने उदार दृष्टी दिली. उशिरा अपील करून सामान्यतः कोणाचाच फायदा होत नाही, आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब द्या म्हणजे पोथीनिष्ठपणे ताससुद्धा मोजा असे नव्हे, असे तेथे म्हटले आहे. एन. बालकृष्णन प्रकरणात 1998 मध्ये 883 दिवसांचा विलंब माफ झाला, कारण विलंब किती यापेक्षा खुलासा पटण्याजोगा आहे का, याला महत्त्व दिले गेले. याउलट रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स हा 1961 चा निर्णय सांगतो की पुरेसे कारण सिद्ध झाले तरी माफी हा हक्क होत नाही. तेथून पुढे न्यायालयाचा विवेक सुरू होतो. एप्रिल 2024 मध्ये पथापती सुब्बा रेड्डी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कडक बाजू पुन्हा मांडली, आणि विलंब माफ करताना मूळ दाव्यात कोण बरोबर होते हे पाहण्याची गरज नाही, असेही सांगितले. म्हणून ‘ती वाट कधी नव्हतीच’ हे अर्जात चार पाने लिहून काही साधत नाही. ते अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाची कारणे मांडणाऱ्या अर्जात, शोभते.

माझा अनुभव असा आहे की हे दोन प्रवाह दिसतात तितके परस्परविरोधी नाहीत. न्यायालयासमोर दोन माणसे असतात. एकाला ऐकून घेतले गेले नाही असे वाटत असते. दुसऱ्याने मुदत संपण्याची वाट पाहिली आणि आता निकाल पक्का झाला असे समजून तो निश्चिंत झाला. शेजाऱ्यांची ही निश्चिंतीसुद्धा कायद्याने दिलेली आहे. ती काढून घ्यायची तर आपला खुलासा तेवढा वजनदार असावा लागतो. त्यांना झालेल्या त्रासासाठी काही रक्कम खर्च म्हणून देण्याच्या अटीवर विलंब माफ होतो, तो याच विचाराने. तशी तयारी आहे असे अर्जात आधीच लिहिल्यास बिघडत नाही.

सरकारविषयीची आपली तक्रार मी समजू शकतो, पण ती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया या 2012 च्या प्रकरणात सरकारी खात्याचा 427 दिवसांचा विलंब माफ झाला नाही. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती हे कारण पुरेसे नाही आणि मुदतीचा कायदा सरकारलाही सारखाच लागू आहे, असे न्यायालयाने म्हटले.

आता सर्वांत तातडीची गोष्ट. विलंब माफीचा अर्ज प्रलंबित असताना, अपील ऐकून घेण्याचे ठरेपर्यंत, अपील न्यायालय हुकूमनाम्याला स्थगिती देऊ शकत नाही. नियम 3-अ मध्येच तसे लिहिले आहे. म्हणजे अपील दाखल झाले म्हणून गडगा सुरक्षित झाला, असे समजू नका. दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयासमोर हजर राहा, अपील दाखल झाल्याचा दाखला द्या आणि थोडी सवड मागा. ती मिळेलच असे नाही. त्याच वेळी जिल्हा न्यायालयात विलंबाच्या अर्जाची सुनावणी लवकर घेण्याची विनंती लेखी करा. गडगा एकदा पडला की अपिलात उरते ते फक्त पुन्हा बांधण्याचे भांडण.

प्रश्न : मी म्हापशाला छोटी बांधकामाची कंत्राटे घेतो. एका गृहनिर्माण संस्थेशी झालेल्या वादात लवादाने माझ्याविरुद्ध निवाडा दिला. त्याची प्रत 12 जानेवारी 2024 रोजी मिळाली. निवाडा रद्द करण्याचा अर्ज मी सोमवार, 13 मे रोजी केला, कारण 12 मे रोजी रविवार होता. अर्ज मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. केवळ एक दिवस, तोही रविवारमुळे! मुदतीच्या कायद्याच्या कलम 5 खाली माफी नाही का?
— एक कंत्राटदार, म्हापसा

उत्तर : खेदाने सांगावे लागते की कलम 5 आपल्याला उपयोगी पडत नाही. लवाद कायद्याच्या कलम 34 मध्ये तीन महिन्यांची मुदत आहे, पुरेसे कारण असल्यास त्यापुढे आणखी 30 दिवस मिळतात, आणि ‘त्यानंतर नाही’ असे शब्द त्याच कलमात आहेत. पॉप्युलर कन्स्ट्रक्शन प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ पक्का केला. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर पुढच्या दिवशी अर्ज करण्याची सवलत मुदतीच्या कायद्याचे कलम 4 देते, पण ती फक्त मूळ तीन महिन्यांसाठी आहे. वाढीव 30 दिवसांना ती लागू नाही, असे 2012 मध्ये आसाम अर्बन वॉटर सप्लाय प्रकरणात ठरले. हा नियम कठोर आहे, आणि आपल्यासारख्या माणसाला तो अन्यायकारक वाटणे साहजिक आहे. ज्या कायद्याने स्वतःचीच कमाल मर्यादा आखली आहे, तेथे न्यायाधीशांची सहानुभूती कितीही असली तरी हात बांधलेले असतात.

तरीही दोन गोष्टी तपासून पाहा. निवाड्याची सही केलेली प्रत 12 जानेवारीला नेमकी कोणाच्या हातात पडली? ती फक्त आपल्या वकिलांना दिली गेली असेल, तर मुदत तेव्हापासून सुरू होत नाही. प्रत पक्षकारालाच मिळायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे आहे. दुसरे, निवाड्यातील आकडेमोडीची चूक दुरुस्त करावी म्हणून कोणी कलम 33 खाली लवादाकडे अर्ज केला होता का? तसे असल्यास तीन महिने त्या अर्जाच्या निकालापासून मोजतात. पोचपावती शोधून वकिलांना दाखवा.

प्रश्न : पेडणे तालुक्यातील माडांच्या एका बागायतीचा ताबा मिळावा म्हणून मी चुलत भावावर केलेला दावा फेटाळला गेला. माझी मालकी सिद्ध झाली नाही आणि दावा बारा वर्षांच्या मुदतीनंतरचा आहे, अशी दोन कारणे दिली आहेत. अपील मी वेळेत केले आहे, पण मेमोत केवळ ‘पुराव्याचे मूल्यमापन चुकले’ अशा अर्थाचे चार मुद्दे आहेत. आता नव्या वकिलांना तीन मुद्दे सुचले आहेत : मुदत पोर्तुगीज नागरी संहितेनुसार मोजायला हवी होती, भावाच्या खरेदीखतावर विकणाऱ्याच्या पत्नीची सही नाही, आणि आजीच्या पेटीत 1938 चा एक पोर्तुगीज दस्तऐवज नुकताच सापडला आहे. पुढच्या महिन्यात युक्तिवाद आहे. हे सर्व आता मांडता येईल का?
— एक निवृत्त शिक्षक, वय 71

उत्तर : आपले तीन मुद्दे तीन वेगळ्या जातीचे आहेत आणि प्रत्येकाचे भवितव्य वेगळे आहे. मेमोत नसलेला मुद्दा न्यायालयाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही, असे आदेश 41, नियम 2 सांगतो. न्यायालय स्वतः मात्र मेमोतल्या मुद्द्यांना बांधलेले नसते. नव्या मुद्द्यावर निकाल द्यायचा असेल तर समोरच्या पक्षाला उत्तर देण्याची पुरेशी संधी दिली पाहिजे, एवढीच अट आहे. वरच्या पत्रातल्या शेजाऱ्यांप्रमाणे येथेही समोरच्याचा विचार आहेच : हा मुद्दा तेव्हाच आला असता, तर त्याने काय दाखवले असते?

पहिला मुद्दा निव्वळ कायद्याचा आहे. त्यासाठी नवा साक्षीदार लागत नाही, नोंदवलेल्या तथ्यांवरच तो उभा राहतो, म्हणून तो मांडण्याची परवानगी बहुधा मिळेल. पण परवानगी मिळणे वेगळे आणि मुद्दा टिकणे वेगळे. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोर्तुगीज संहितेतील मुदतीच्या तरतुदी गोव्यात स्थानिक कायदा म्हणून टिकून आहेत असे म्हटले होते, आणि त्या काळात वकिली केलेल्या माणसांच्या मनात ते अजून घर करून आहे. सिंडिकेट बँकेच्या गोव्यातील प्रकरणात 2001 मध्ये ते मत बदलले. 1963 चा मुदतीचा कायदाच येथे लागू आहे असे ठरले. म्हणून या मुद्द्यावर आपला युक्तिवादाचा वेळ खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा भावाचा ताबा आपल्याविरुद्ध नेमका कोणत्या वर्षापासून विरोधी, म्हणजे आपली मालकी नाकारणारा, झाला, हे खालच्या न्यायालयाने कोणत्या पुराव्यावर ठरवले, यावर भर द्यावा. सामाईक घराण्यातल्या माणसाने माडांचे नारळ पाडून घेतले म्हणजे त्याचा ताबा लगेच विरोधी होत नाही, आणि हा मुद्दा आपल्या ‘पुराव्याच्या मूल्यमापना’त बसतोही.

दुसरा मुद्दा कायद्याचा दिसतो, पण त्याच्या पोटात तथ्ये आहेत. विकणाऱ्याचे तेव्हा लग्न झाले होते का, पत्नीने मुखत्यारपत्र दिले होते का, नंतर संमतीचा वेगळा दस्त झाला का, तिने किंवा तिच्या वारसांनी कधी हरकत घेतली का? आपण हे दाव्यात लिहिले असते तर भावाने कदाचित तो दस्त आणला असता, कदाचित त्या बाईंनाच साक्षीला बोलावले असते. आज त्या हयात नसतील तर? जो मुद्दा दाव्यात लिहिलेला नाही आणि ज्यावर पुरावा झालेला नाही, तो अपिलात प्रथमच उभा करू देत नाहीत, त्याचे कारण हेच. दाव्यात दुरुस्ती मागता येते, पण खटल्याची सुनावणी सुरू झाल्यानंतर ती तेव्हाच मिळते, जेव्हा योग्य दक्षता घेऊनही आधी ती करणे शक्य नव्हते असे न्यायालयाला पटते. खरेदीखत तर सुरुवातीपासून आपल्यासमोर होते. शिवाय आपल्याला आधी स्वतःची मालकी सिद्ध करायची आहे. भावाच्या दस्तातील उणीव दाखवून ती सिद्ध होत नाही. हा मुद्दा सोडावा.

तिसरी गोष्ट मुद्दा नसून पुरावा आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. अपिलात नवा पुरावा घेण्याची वाट आदेश 41, नियम 27 मध्ये आहे आणि ती अरुंद आहे. खालच्या न्यायालयाने घ्यायला हवा असलेला पुरावा नाकारला असेल, किंवा योग्य दक्षता घेऊनही तो आधी माहीत होणे वा मिळणे शक्य नव्हते, किंवा निकाल देण्यासाठी अपील न्यायालयालाच त्याची गरज वाटली, तरच तो घेतला जातो. पुराव्यातली राहिलेली भोके बुजवण्यासाठी ही तरतूद नाही, हे 2012 च्या इब्राहिम उद्दीन प्रकरणात सविस्तर सांगितले आहे. अर्जाचा विचार अंतिम सुनावणीच्या वेळी, बाकीचा पुरावा समोर ठेवून व्हावा, असेही तेथे म्हटले आहे.

पेटीची हकिकत म्हणूनच बारकाईने लिहा. पेटी कोणाच्या घरी, कोणाच्या ताब्यात होती, ती कोणत्या कारणाने आणि कोणत्या तारखेला उघडली, कोण हजर होते, दस्तऐवज कशात गुंडाळलेला होता, आणि त्या घरात खटला चालू असताना आपण कधी शोध घेतला होता का? यानंतर येणारा प्रश्न अवघड आहे, आणि त्याची तयारी ठेवा. पोर्तुगीज काळातील दस्त आणि जमिनीच्या नोंदी पणजीच्या पुराभिलेखात आणि नोंदणी कार्यालयांत जपलेल्या आहेत, हे गोव्यातल्या प्रत्येक वकिलाला ठाऊक आहे. जी नोंद तेथे पन्नास-साठ वर्षे उपलब्ध होती, ती पेटीत सापडेपर्यंत मिळू शकत नव्हती असे म्हणता येईल का? आपण पूर्वी तेथे शोधासाठी अर्ज केला असेल आणि नोंद सापडली नाही असे उत्तर मिळाले असेल, तर तो कागद या अर्जाचा कणा आहे. केला नसेल तर आता करा. सरकारी अभिलेखातील प्रमाणित नक्कल मिळाली, तर दस्त खोटा असल्याची शंका तरी मावळते, आणि मालकीचा निर्णय करण्यासाठी न्यायालयालाच तो आवश्यक वाटण्याचा संभव वाढतो.

दस्त स्वीकारला गेला म्हणून तो आपोआप सिद्ध होत नाही. त्याचे जाणकार अनुवादकाकडून झालेले भाषांतर लागेल, त्यातील चतुःसीमा आजच्या सर्व्हे क्रमांकाशी जुळतात हे कोणीतरी सांगावे लागेल, आणि भावाला त्याविरुद्ध पुरावा देण्याची संधी मिळेल. त्यात काही महिने जातील. आपल्या वयाचा विचार करता ते जड आहे, हे मी जाणतो, पण ही संधी पुढे उरत नाही. उच्च न्यायालयात, म्हणजे पर्वरीला, दुसरे अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते. तेथे पेटीतले कागद उघडून पाहण्याची वेळ सहसा येत नाही.

नव्या वकिलांना सांगा की युक्तिवादाच्या दिवशी तोंडी विनंती न करता त्याआधीच दोन वेगळे अर्ज द्यावेत : एक नियम 27 खाली, प्रतिज्ञापत्र, दस्त आणि भाषांतरासह, दुसरा मेमोत विरोधी ताब्याच्या तारखेचा मुद्दा नेमक्या शब्दांत घालण्यासाठी. दोन्हींच्या प्रती भावाच्या वकिलांना आधी पोचू द्या. मूळ दस्त मात्र प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. कागद, शाई आणि शिक्का पाहता येईल अशा स्थितीत तो न्यायालयासमोर यायला हवा.